घरात असणं आणि कामावर असणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोणाच्या दारात जाऊन आपण माणसाची चौकशी केली, की दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘कामावर गेलेत’ किंवा ‘घरीच आहेत’. म्हणजे माणूस एक तर कामावर असतो, नाही तर घरी असतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे आपल्या बोलण्यात अजून नीट मुरलेलं नाही. ‘घरीच आहेत’ याचा अर्थ आपण मोकळे आहेत, हाताशी आहेत, हाक मारली की उठून येतील, असाच घेतो. घरी बसून काम करणाऱ्याची निम्मी अडचण या दोन शब्दांत आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावची. गेली सव्वीस वर्षं मी घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, साड्यांचे फॉल-पिको. दुकानाची पाटी नाही, गाळा नाही. समोरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन आहे, तेच माझं दुकान. या विषयावर बोलायला मी काही मोठी अभ्यासक नाही. पण घरात राहून वेळेवर काम कसं पूर्ण करायचं, हा प्रश्न मला सव्वीस वर्षं रोज सकाळी पडतो, आणि रोज संध्याकाळी त्याचं उत्तर गिऱ्हाइकाला द्यावं लागतं.

नाचणगाव पुलगावला खेटूनच आहे. पुलगाव म्हणजे कापडगिरणीचं आणि सैन्याच्या दारूगोळा डेपोचं गाव. त्यामुळे आमच्याकडे काम म्हणजे घराबाहेरचंच. कोणी गिरणीत, कोणी डेपोत, कोणी रेल्वेत, बाकीचे वावरात. गिरणीच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे. भोंगा झाला की डबा घेऊन माणूस निघाला आणि पाळी सुटली की घरी आला. काम कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे त्याला ठरवावं लागत नव्हतं, गिरणीच ठरवायची. गिरणी बंद पडून आता बरीच वर्षं झाली. पण भोंग्याचा मुद्दा मी मुद्दाम काढला, कारण घरी काम करणाऱ्याला भोंगा नसतो. तो ज्याचा त्याला वाजवावा लागतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला नोकरीला असलेली आमच्या आळीतली मुलंमुली लॅपटॉप घेऊन गावी आली. शेजारचा एक मुलगा नेटवर्कसाठी गच्चीवर जाऊन बसायचा. कानाला हेडफोन लावून इंग्रजीत काही तरी बोलत असायचा आणि खालून आई ओरडायची, ‘अरे, घरीच त आहेस, दळण आणून दे ना!’ दळण आणलं, की गॅसचं सिलिंडर. सिलिंडर झालं, की पाहुण्यांना चहा. मग दिवसभराचं राहिलेलं काम रात्री बारापर्यंत. महिनाभरात तो पोरगा सुकून गेला. आळशी मुळीच नव्हता. एक दिवस तो मला म्हणाला, ‘काकू, तुम्ही इतके वर्षं घरी कसं काय काम करून राहिल्या? मी तर कामावरही नाही आणि घरीही नाही, असं होऊन राहिलं.’

त्याला मी थोडं थोडं करून जे सांगितलं, तेच आज तुम्हांला सांगते. आता बऱ्याच कचेऱ्या पुन्हा भरल्या आहेत. तरी आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे पुष्कळ आहेत. आणि शिवणकाम, पापड, विणकाम, शिकवण्या, हिशेब, टायपिंग असं काम घरी करणारे तर आधीही होते, पुढेही राहणार आहेत.

पहिली गोष्ट अशी, की ही अडचण मनाच्या चंचलपणाची नाही. लोक म्हणतात, मन एकाग्र करा. मी म्हणते, मन एकाग्र व्हायला आजूबाजूला तशी व्यवस्था लागते. याचं मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं. तिथली बापूकुटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, मातीच्या भिंती, जमिनीवर चटई, बसायची गादी आणि एक बुटकं लिहायचं मेज. हेच घर आणि हेच कामाचं ठिकाण. देशभरातून पत्रं येत, पुढारी येत, आश्रमातली भांडणं येत, आजारी माणसांची शुश्रूषा तिथेच चाले. महारोगानं ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींची सेवा ते स्वतः करत. यापेक्षा जास्त गजबजलेलं घर कोणाचं असेल?

आणि तरी काम होत होतं. कसं? तर पहाटे चारला उठणं, प्रार्थना, फिरणं, कातणं, भेटी, सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या. कमरेला घड्याळ लटकवलेलं. आणि सोमवारी मौन. त्या दिवशी काही सांगायचंच असेल तर चिठ्ठीवर लिहून. मला या मौनातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. त्यांनी शांतता मिळण्याची वाट पाहिली नाही, ती जाहीर केली. सोमवार म्हटलं की मौन, हे येणाऱ्याला आधीच माहीत. त्यामुळे कोणाला राग येण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय त्या नियमाला दोन दारं ठेवली होती. आजारी माणसाची सेवा करताना आणि अगदी तातडीच्या कामासाठी बोलायची मुभा होती. नियम कडक, पण माणुसकी सोडून नाही.

आणखी एक गंमत. व्हाइसरॉयना गांधीजींशी बोलता यावं म्हणून सेवाग्रामला टेलिफोन बसवला होता. तो आजही पाहायला मिळतो. तो बापूंच्या बसण्याच्या जागी नाही, कचेरीच्या खोलीत आहे. व्हाइसरॉयचा फोनसुद्धा मांडीशी ठेवलेला नव्हता. आपला मोबाइल मात्र आपण मशीनवर, लॅपटॉपच्या शेजारी, उशाशी ठेवतो, आणि मग म्हणतो लक्ष लागत नाही. मी माझा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवते. रिंग मोठी ठेवते. खरंच गरज असेल तो पुन्हा करतो.

आता वेळेबद्दल. माझी कामाची वेळ सकाळी साडेदहा ते दीड आणि दुपारी तीन ते सहा. ही मी पुस्तकात पाहून ठरवलेली नाही. आमच्याकडे सकाळी नळ येतात, मग स्वयंपाक, डबे, भांडी. त्या वेळी मशीनवर बसलं तर दोन्ही कामं बिघडतात. दोन हजारच्या दशकात विदर्भात भारनियमनाचा कहर होता, तेव्हा तर वेळापत्रक विजेच्या हाती होतं. त्या काळात मी मोटर बाजूला ठेवून पायमशीनवर शिवलं. हात आणि पाय दोन्ही दुखायचे, पण माझी वेळ माझी राहिली. सांगायचं इतकंच, की वेळ ठरवताना घराचं पाणी, वीज, स्वयंपाक, मुलांची शाळा यांचा आधी हिशेब मांडावा आणि मग जो सलग तुकडा उरतो तो कामासाठी पक्का करावा. तीन तास सलग मिळाले, तर ते तुकड्यातुकड्याच्या सहा तासांना भारी पडतात.

सुरू करण्याच्या वेळेपेक्षाही थांबण्याची वेळ महत्त्वाची. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५५ मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ या नियतकालिकात एक गमतीदार लेख लिहिला. त्याचं सार असं, की कामाला जितका वेळ द्याल तितकं ते पसरत जातं. त्यानं ते सरकारी खात्यांची थट्टा करताना लिहिलं, पण घरच्या कामाला ते तंतोतंत लागू पडतं. रात्री करू, असं मनात असलं की दुपारी हात सैल पडतो. सहा वाजता मी मशीनवर झाकण घालते. झाकण घातलं म्हणजे दुकान बंद. लग्नसराईत आणि दिवाळीत हा नियम मोडावा लागतो, नाही असं नाही. पण मोडल्याचं ठाऊक असतं, कारण नियम आहे. ज्याला नियमच नाही, त्याचा दिवस संपतच नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलांना मी हेच सांगते. बंद करा, पिशवीत घाला, कपाटात ठेवा. टेबलावर उघडा असलेला लॅपटॉप म्हणजे रात्रभर चालू असलेली गिरणी.

जागेचंही तसंच आहे. सगळ्यांकडे वेगळी खोली नसते. माझ्याकडेही नाही. पण एक कोपरा तरी ठरलेला हवा. माझं मशीन खिडकीपाशी आहे, उजेड डाव्या हाताकडून येतो आणि तोंड भिंतीकडे. दाराकडे तोंड असेल तर रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बाई तुमच्याशी बोलते. त्या जागेवर मी जेवत नाही, भाजी निवडत नाही, टीव्ही बघत नाही. त्यामुळे तिथे बसलं की हात आपोआप कामाला लागतात. पलंगावर लोडाला टेकून जी मुलं काम करतात, त्यांना अर्ध्या तासात डुलकी येते, यात नवल काय? पलंगानं आपलं काम केलं.

श्री महिला गृह उद्योग, म्हणजे आपला लिज्जत पापड, सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन तो सुरू केला. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या संस्थेची रीत अशी, की भगिनींनी सकाळी केंद्रावरून तिंबलेलं पीठ न्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. पीठ घरी देण्याआधी त्या बाईच्या घरी लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हे पाहिलं जातं. आधी जागा, मग काम. इतकी साधी गोष्ट आपण स्वतःच्या घराबाबत विसरतो.

आता प्रत्यक्ष कामाच्या मांडणीबद्दल माझ्या धंद्यातल्या तीन सवयी सांगते. त्या कोणालाही उपयोगी पडतील.

पहिली, कापड बेतणं आणि कापणं सकाळीच. कात्री एकदा चालली की कापड परत जोडता येत नाही. म्हणून ज्या कामात चूक परवडत नाही, ते ताज्या डोक्यानं करायचं. काज-बटण, हूक, तुरपाई ही कामं दुपारी उशिरा. त्या वेळी कोणी शेजारीण येऊन बसली तरी चालते, गप्पाही होतात आणि हातही चालतो. प्रत्येकाच्या कामात काही कात्रीची कामं असतात आणि काही तुरपाईची. ती ओळखावीत. सकाळचा चांगला वेळ निरोपांना उत्तरं देण्यात घालवला, तर दुपारी पेंगुळल्या डोळ्यांनी कात्री हातात घ्यावी लागते.

दुसरी, एका रंगाचा दोरा लावला की त्या रंगाची सगळी कामं उरकायची. लाल ब्लाऊज झाला की काळा, मग पुन्हा लाल, असं केलं तर निम्मा वेळ दोरा बदलण्यात आणि बॉबीन भरण्यात जातो. डोक्याचंही असंच होतं म्हणतात. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम नीट होत नाही. आम्ही शिंपी लोक त्याला दोरा बदलणं म्हणू. एका दिवसात किती वेळा दोरा बदलला, हे संध्याकाळी आठवून पाहा. दिवस कुठे गेला ते कळेल.

तिसरी, उद्याची सुरुवात आज करून ठेवायची. झाकण घालण्याआधी मी सुईत दोरा ओवून ठेवते, पहिला तुकडा मशीनच्या पायाखाली धरून ठेवते. सकाळी बसलं की नुसतं पायडल मारायचं. कुठून सुरुवात करू, या विचारातच घरच्या माणसाचा पाऊण तास जातो. कचेरीत हा प्रश्न येत नाही, कारण साहेब समोर असतो.

इथवर मी सांगितलं ते एकट्यानं करता येण्यासारखं. पण श्रोतेहो, घरात आपण एकटे नसतो. आणि खरी कसोटी तिथेच आहे.

लग्नानंतर मी शिवायला लागले, तेव्हा घरात कोणाचा विरोध नव्हता. पण ते काम आहे, असंही कोणाला वाटत नव्हतं. ‘फावल्या वेळात शिवते’ असं पाहुण्यांना सांगितलं जायचं. फावला वेळ! केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, असं निघालं. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच. पुढे २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली म्हणायची. या पाच तासांनंतर जो उरतो, त्याला फावला वेळ म्हणतात.

भर लग्नसराईत मशीनवर बसलेलं असताना कोणीही येऊन म्हणायचं, ‘घरीच त असतेस ना वं तू, पोराले पाह्य जरा, मी बाजारातून येतो.’ नाही म्हणणं जड जायचं. आपल्या गावात नाही म्हणणारी बाई शिष्ट ठरते. आणि हो म्हटलं तर ब्लाऊज राहतो. वेळेवर ब्लाऊज नाही मिळाला, तर ते गिऱ्हाईक आणि त्याच्या चार बहिणी पुलगावच्या दुकानात जातात. ही नुसती मनःशांतीची गोष्ट नव्हती, पोटाची होती.

हे बदललं ते एका वहीमुळे. मी रोज किती नग शिवले, किती तास बसले, किती पैसे आले, आणि दोरा, अस्तर, हुकांचे किती गेले, हे एका शंभर पानी वहीत लिहायला लागले. वर्षभरानं मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचा खर्च निघाला, तेव्हा मिस्टरांनी ती वही काढून बेरीज केली. फीचा बराचसा भाग त्या वहीतून निघाला होता. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कोणी तरी दारात आलं, तेव्हा मला आतून ऐकू आलं, ‘सूनबाई कामावर आहे. दीड वाजता येजा.’

कामावर आहे! घरातल्या घरात. त्या दिवसापासून माझी दुपार माझी झाली. पुढे कित्येक वर्षं, त्या होत्या तोवर, ओसरीवर बसून त्याच माझा भोंगा वाजवत. साडेदहा झाले की म्हणायच्या, ‘बस आता.’ सहा वाजले की म्हणायच्या, ‘उठ आता.’

म्हणून मी म्हणते, घरच्या कामात लक्ष लागणं हे जितकं आपल्या हातात, तितकंच घरच्यांच्या हातात असतं. आणि घरच्यांना ते पटण्यासाठी काम मोजलेलं, दिसणारं असावं लागतं. न मोजलेल्या कामाला कोणी वेळ देत नाही. लिज्जतच्या भगिनी रोज सकाळी आपले पापड केंद्रावर नेतात आणि तिथे वजन होतं, हिशेब होतो. घरात चार भिंतींआड झालेलं काम तिथे तराजूवर चढतं. त्या तराजूनं त्यांना जी किंमत दिली, ती नुसत्या शाबासकीनं मिळाली नसती.

आमच्या वर्ध्यालाच याचं आणखी एक जुनं उदाहरण आहे. सूत कातणाऱ्या बाया म्हणजे घरी बसून काम करणाऱ्याच. त्यांना मजुरी फार थोडी मिळे. नुसत्या कातण्यावर पोट भरतं का, हे पाहण्यासाठी विनोबाजींनी वर्ध्याजवळ नालवाडीला तासन्‌तास बसून सूत कातलं आणि त्या मजुरीत जगून पाहिलं. जगणं किती अवघड आहे ते हिशेबानं समोर आलं. गांधीजींनीही हा प्रश्न लावून धरला आणि १९३५ मध्ये चरखा संघानं कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचं ठरवलं. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड झालीच. पण घरी बसून कातणारीचा तास हाही तासच असतो, ही गोष्ट त्यातून मान्य झाली.

आता कायद्यातही हे थोडंफार आलं आहे. घरी राहून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये केला. आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम या सरकारी संकेतस्थळावर अशा कामगारांची नोंदणी सुरू झाली. माझ्यासारख्या बायांनी ती नोंदणी जरूर करावी. नोंदणीनं उद्या पैसे हातात पडतील असं मी म्हणत नाही. पण ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर देणं तरी बंद होईल.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते. घरी काम चांगलं होऊ शकतं, पण माणूस एकटा पडतो. चीनमधल्या शांघायच्या एका मोठ्या प्रवास कंपनीनं आपल्या फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग केला होता. ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली, त्यांतल्या सम जन्मतारखेच्या लोकांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं आणि विषम तारखेच्यांना कचेरीत ठेवलं. घरी बसणाऱ्यांकडे स्वतंत्र खोली असणं ही अट होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी हा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी बसणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. घरी शांतता होती आणि मधल्या सुट्ट्या कमी झाल्या होत्या. पण पुढची गोष्ट अशी, की प्रयोग संपल्यावर तुम्हांला हवं तिथे बसा असं सांगितलं, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक कचेरीत परत गेले. घरी फार एकटं वाटतं, हे त्यातलं मोठं कारण होतं. बढतीच्या वेळी घरी बसलेला माणूस साहेबाला आठवतही नाही, हेही त्यात दिसून आलं.

म्हणून मी आठवड्यातून दोनदा पुलगावच्या बाजारात जाते. दोरा-अस्तर आणायचं हे निमित्त. तिथे माझ्यासारख्याच शिवणाऱ्या दोघी-तिघी भेटतात. कोणत्या गळ्याची सध्या मागणी आहे, कोणी काय दर लावला, कोणतं गिऱ्हाईक पैसे बुडवतं, सगळं कळतं. त्या अर्ध्या तासानं पुढचे दोन दिवस हात हलके चालतात. लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलांनीही दिवसातून एकदा घराबाहेर पडावं, आपल्यासारखं काम करणाऱ्या कोणाशी तरी समोरासमोर बोलावं. पडद्यावरची बैठक ही भेट नव्हे.

घरात असा मुलगा किंवा सून काम करत असेल, तर आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना एक विनंती. त्यांची वेळ विचारून घ्या आणि आल्यागेल्याला तुम्हीच सांगा. काम करणाऱ्यानं स्वतः सांगितलं तर तो उद्धटपणा वाटतो, तुम्ही सांगितलं तर घराची रीत होते. मुलांनाही एक सांगणं. कामाच्या वेळेबाहेर मात्र खरोखर घरी या. जेवताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात, तर तुमची वेळ पाळायचं कारण घरच्यांना उरत नाही. आणि जे साहेब लोक हे ऐकत असतील त्यांना इतकंच, की माणूस घरी आहे म्हणजे रात्री दहालाही मोकळा आहे, असं धरू नका. ‘घरीच तर आहे’ हे वाक्य आमच्या आळीत जितकं चुकीचं, तितकंच तुमच्या कचेरीतही.

आज घरी गेल्यावर, नाही, आज तुम्ही घरीच असाल, तर आत्ताच एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाची कामाची वेळ त्यावर लिहा. कोण कधी सुरू करणार आणि कधी थांबणार. कोणत्या वेळी हाक मारायची नाही आणि कोणत्या कारणासाठी मारली तरी चालेल. तो कागद स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावा, कारण तिथे सगळ्यांचं जाणं-येणं असतं. आणि लिहिताना त्या स्वयंपाकघरात दिवसभर काम करणाऱ्या बाईचं नाव गाळू नका. घरून काम करणाऱ्यांत सगळ्यांत जुनी तीच आहे. तिची सुरू करण्याची वेळ तुम्हांला ठाऊक असेल. थांबण्याची वेळ तिला विचारा आणि लिहा.